चॅरिटीचं बिब घेतलंय, वीस आठवडे उरलेत आणि नडगी दुखतेय: आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, दिवसभर बसून काम, ५ किलोमीटर ३४ मिनिटांत होतात आणि त्यापुढे धावायचं नाव काढलं की धाप लागते. एका संस्थेसाठी पैसे जमवायच्या बोलीवर मॅरेथॉनचं बिब (छातीवर लावायचा नंबर, म्हणजे रेसमधली जागा) मिळालंय, रेसला वीस आठवडे आहेत. आठवड्यातून पाच दिवस धावायचा एक प्लॅन कुठूनतरी उतरवून घेतला, तिसऱ्या आठवड्यात उजवी नडगी दुखायला लागली, पण लोकांनी पैसे दिलेत म्हणून थांबायची लाज वाटते. वर 'चार तासांत मारणार' असं सगळ्यांना सांगूनही झालंय.

मी बरीच वर्षं पहिल्यांदाच मॅरेथॉन धावणाऱ्या लोकांना ट्रेनिंग देते, त्यात चॅरिटीवाले भरपूर असतात, आणि त्यांचं दुखणं जरा वेगळं असतं. बाकीचे लोक कंटाळा आला, पाऊस आला, पाहुणे आले की धावणं बुडवतात. चॅरिटीवाले जिथे खरंच बुडवायला पाहिजे तिथेही बुडवत नाहीत, कारण प्रत्येक दिवसामागे कुणीतरी पैसे दिलेला माणूस उभा आहे असं त्यांना वाटत असतं. त्यामुळे माझ्या उत्तरातला बराचसा भाग 'कमी करा' असाच असणारे, रागावू नका.

आधी नडगीचं बघू, कारण ते आजचं आहे. खुर्चीत बसा, पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवा आणि नडगीच्या हाडाची आतली कड असते ना, ती घोट्याच्या जरा वरपासून अंगठ्याने दाबत दाबत वर या. दुखणं चार बोटांच्या रुंदीएवढ्या किंवा त्याहून लांब पट्ट्यात पसरलेलं असेल, धावायला लागल्यावर दुखतं, अंग गरम झालं की जरा कमी होतं आणि नंतर परत ठणकतं, असं असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट्स, म्हणजे जास्त भारामुळे नडगीच्या कडेला होणारं दुखणं. पण एकाच नाण्याएवढ्या जागेवर अंगठा टेकला की कळ डोक्यात जात असेल, किंवा चालतानाही दुखत असेल, रात्री झोपेत दुखत असेल, किंवा त्या एका पायावर हळूच उडी मारली तर तिथेच सणक येत असेल (एकदाच मारा, परत परत करून बघू नका), तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सततच्या भाराने हाडाला बारीक चीर पडल्याची, शंका धरायची आणि धावणं त्याच क्षणी बंद करून हाडांच्या किंवा स्पोर्ट्सच्या डॉक्टरकडे जायचं. नडगीच्या पुढच्या धारेवर मधोमध असं टोचरं दुखत असेल तर अजिबातच टाळाटाळ नको, तिथलं फ्रॅक्चर भरून यायला फार त्रास देतं. आणि एक लक्षात ठेवा, स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीला एक्सरेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं. त्यामुळे 'एक्सरे नॉर्मल आला, म्हणजे धावायला हरकत नाही' हा हिशोब चुकीचा आहे. दुखणं तेच राहिलं तर परत डॉक्टरकडे जा.

पसरलेलं, शिन स्प्लिंट्सवालं दुखणं असेल तर जीव भांड्यात पडू द्या, ते बरं होतं. मात्र 'आज जरा कमी वाटतंय' म्हणून चालू ठेवलं तर तेच पुढे हाडापर्यंत जाऊ शकतं. सात-दहा दिवस धावणं बंद, त्याऐवजी सायकल किंवा पोहणं, दम तेवढाच लागेल असं. मग सलग अर्धा तास भरभर चालून काहीच दुखत नसेल तर एक मिनिट हळू धावणं, एक मिनिट चालणं, असं वीस मिनिटं, एक दिवस आड. दुखण्याला शून्य ते दहा मार्क द्यायचे. धावताना तीनपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत मूळ जागेवर, तर ठीक. तीनच्या वर गेलं, किंवा सकाळी पलंगावरून उतरताना कालपेक्षा जास्त दुखलं, किंवा तुम्ही नकळत लंगडायला लागलात, तर एक पायरी मागे. आणि पेनकिलर घेऊन धावायचं नाही. गोळीने मार्क कमी होतात, हाडाला काय होतंय ते कळायचा रस्ता बंद होतो.

आता हे तिसऱ्याच आठवड्यात का झालं, तर शरीरातल्या सगळ्या गोष्टी एका वेगाने तयार होत नाहीत. रक्ताचं प्रमाण, हृदय, दम, हे काही आठवड्यांतच सुधारायला लागतं, आणि तुम्हाला वाटतं अरे वा, जमतंय की, आणि अंतर वाढवता. हाडाचं तसं नाही. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी जुनं हाड थोडं थोडं खरवडून काढतं आणि मग तिथे नवीन भरतं, आणि ते नवीन पक्कं व्हायला काही महिने लागतात. म्हणजे ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात हाड काही ठिकाणी उलट थोडं कमजोर असतं, नेमका तेव्हाच दम वाढल्यामुळे उत्साह सगळ्यात जास्त असतो. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांचंही तसंच, त्या हळूहळूच तयार होतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं वेळापत्रक असं रडतखडत का वाढतं ते आपोआप समजतं.

पाच दिवसांचा प्लॅन फाडून टाका. तुमच्यासाठी तीन दिवस धावणं, एक दिवस सायकल किंवा पोहणं आणि दोनदा वीस-वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम, एवढं पुष्कळ आहे. तीनांपैकी एक लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, एक मधला अर्ध्या-पाऊण तासाचा अगदी आरामात, आणि एक छोटा, ज्यात आठव्या-नवव्या आठवड्यानंतर थोडा वेग घालायचा, म्हणजे समजा दहा मिनिटं वॉर्मअप, मग पंधरा-वीस मिनिटं जरा दमवणारा पण सलग टिकणारा वेग, मग परत हळू. त्याआधी वेग नकोच.

लाँग रनचं साधारण असं धरा. पहिले दोन आठवडे नडगीचे, ते विसरून जा. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत रन-वॉक (थोडं धावणं, थोडं चालणं) करत १० किलोमीटरपर्यंत. मग १२, १४, परत खाली ११, मग १६. मग १८, खाली १४, मग २१, खाली १५. मग २४, १८, आणि सतराव्या आठवड्यात २८ ते ३०. त्यानंतर तीन आठवडे उतरती कळा, म्हणजे टेपर. मध्येमध्ये जे खाली येणं आहे ते शोभेसाठी नाहीये, हाड भरून येतं ते त्या आठवड्यात, आणि चॅरिटीवाले नेमके तेच आठवडे 'मला बरं वाटतंय, कशाला कमी करू' म्हणून खाऊन टाकतात. ३० च्या वर जायची गरज नाही. 'आधी पूर्ण ४२ करून बघितल्याशिवाय विश्वास कसा बसणार' हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, पण तुमच्या वेगाने ३० किलोमीटरलाच साडेतीन तास होतील, त्यापुढे मिळणारा फायदा कमी आणि अंगाची झीज जास्त. म्हणून मी किलोमीटरपेक्षा घड्याळाची मर्यादा घालते, साडेतीन तास झाले की २७ झालेले असोत की ३०, थांबायचं आणि घरी जायचं.

एखादा आठवडा आजारपणात किंवा कामात गेला तर तो गेला. त्याची भरपाई पुढच्या आठवड्यात दोन लाँग रन करून करायची नाही. एक आठवडा बुडाला तर प्लॅन जिथे आहे तिथूनच पुढे, दोन-तीन बुडाले तर बुडायच्या आधी जो लाँग रन झाला होता त्याच्या पाऊणपट अंतरावरून परत सुरू, आणि शेवटचा मोठा रन २६ वरच थांबला तरी काही बिघडत नाही. बिन-दुखण्याच्या पायांनी २६ किलोमीटर करून स्टार्ट लाइनला आलेला माणूस ३२ करून लंगडत आलेल्या माणसाच्या पुढे असतो, हे मी दरवर्षी बघते.

ताकदीच्या व्यायामात फार शास्त्र नको. पोटरीवर भर द्या. पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहून टाच खालीवर करायची, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा थोडा वाकवून, कारण वाकवल्यावर आतला सोलियस नावाचा स्नायू काम करतो आणि धावताना नडगीवरचा बराच भार तोच उचलतो. आज एका पायावर सलग किती होतात मोजा. पंचवीसच्या आसपास न थांबता व्हायला पाहिजेत, बसून काम करणाऱ्यांचे बऱ्याचदा बारा-पंधरातच पाय थरथरायला लागतात. त्याशिवाय स्क्वॉट, पायरीवरून एका पायाने हळू उतरणं, आणि प्लँक. झालं.

बुटांबद्दल तुम्ही लांबलचक विचारलंय, माझं उत्तर छोटं आहे. घालून धावल्यावर आरामदायक वाटतो तो बूट चांगला. ५०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान बदला, रेसचा जोड आधी दोन-तीन लाँग रनला वापरून झालेला असू दे. कार्बन प्लेटवाल्या महागड्या बुटांच्या नादी तुमच्या वेगाला लागू नका.

आता चार तासांचं. जरा कागद घ्या. ४२.१९५ किलोमीटर चार तासांत म्हणजे एका किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. तुमचे आजचे ५ किलोमीटर ३४ मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ४८ सेकंद. म्हणजे आज तुम्ही जीव काढून पाचच किलोमीटर जितक्या वेगाने धावता त्यापेक्षाही मिनिटभर जास्त वेगाने तुम्हाला बेचाळीस धावायचंय, वीस आठवड्यांत, दुखऱ्या नडगीसकट. हे होणार नाही, आणि झालं नाही म्हणून कोणाचं काही बिघडणारही नाही. सोळा-सतरा आठवड्यांनी तुमची हाफ मॅरेथॉन, धरून चालू, २ तास २० मिनिटांवर येईल. त्यावरून अंदाज काढायचा एक जुना फॉर्म्युला आहे, रीगेलचा, त्यात अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८ पट होते, म्हणजे ४ तास ५२ मिनिटं. पण आठवड्याला तीनच दिवस धावणाऱ्यांसाठी तो फॉर्म्युला बराच उदार निघतो, तेव्हा पाच ते सव्वापाच तास डोक्यात धरा आणि तुमच्या रेसचा कट-ऑफ, म्हणजे पूर्ण करायला दिलेली जास्तीत जास्त वेळ, किती आहे ते आजच बघून ठेवा. लोकांना आत्ताच सांगून टाका की पूर्ण करणार, वेळ नाही बघणार. ज्यांनी पैसे दिलेत त्यांच्यापैकी एकालाही चार तास आणि पाच तास यातला फरक कळत नाही, खरंच.

याच कारणासाठी ट्रेनिंगचा वेगही उतरवा. लाँग रन किलोमीटरला सव्वासात ते पावणेआठ मिनिटं. शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागला की वेग जास्त झाला. आणि रन-वॉक करायला लाजू नका. जेफ गॅलोवे हे १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेले, म्हणजे वेगाची कमतरता असलेला माणूस नव्हे, आणि त्यांनीच नवशिक्यांना ठरवून मध्ये मध्ये चालायची पद्धत शिकवली. त्यातली गोम अशी की चालायचं ते दमल्यावर नाही, पहिल्या किलोमीटरपासून. चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, घड्याळावर लावून ठेवायचं, आणि लाँग रनला तसंच करायचं म्हणजे रेसच्या दिवशी नवीन काही नाही. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये लोक तुमच्या पुढे जातील, मागून कुणी 'चालू नका, चला चला' असं ओरडेल, ऐकून सोडून द्या. तिसाव्यानंतर त्यातले बरेच भेटतात.

खाण्याबद्दल. धावायला साधारण दर किलोमीटरला दर किलो वजनामागे एक किलोकॅलरी लागते, म्हणजे ७० किलोच्या माणसाला बेचाळीस किलोमीटरला २,९०० च्या वर. स्नायूत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजन (शरीराने साठवलेली साखर) असतं साधारण २,००० किलोकॅलरीचं. चरबी जाळून बाकीचं निघतं पण ती हळू जळते, आणि वेग जास्त ठेवला की शरीर ग्लायकोजनच भराभर उधळतं. ३० ते ३२ किलोमीटरच्या आसपास जी भिंत लागते म्हणतात, म्हणजे अंगातली ताकद एकदम संपते, ती ही. वर वेग कमी ठेवायला सांगितलं त्यामागे हाडं आहेत तशी ही साठवणही आहे. रेसमध्ये ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे. धावताना खायच्या पाकिटातल्या एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे दर अर्ध्या तासाला एक, पहिला चाळिसाव्या मिनिटाच्या आत, भूक लागायची वाट न बघता. पण पोटालाही ट्रेनिंग लागतं. १६ किलोमीटरच्या रनपासून रेसला जे घेणार तेच आणि तेवढंच घेऊन बघा, नाहीतर ऐन रेसमध्ये टॉयलेटच्या रांगेत उभे राहाल. रेसच्या आधीचे दोन दिवस भात, बटाटा, ब्रेड असं तुमच्या सवयीचं पिष्टमय जेवण वाढवायचं आणि तेलकट, चोथ्याचं कमी करायचं. आदल्या रात्री पोट फुटेस्तोवर जेवणं म्हणजे कार्ब लोडिंग नव्हे.

पाण्याचं मात्र मी जरा जोर देऊन सांगते, कारण यात हळू धावणारेच अडकतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं शेवटी रक्त तपासलं होतं, तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, धोक्याइतकं कमी निघालं. धोका कुणाला जास्त, तर ज्यांचं वजन रेसमध्ये वाढलं, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायले, आणि ज्यांना चार तासांपेक्षा जास्त लागले. म्हणजे आपणच. पाच तासांत प्रत्येक स्टॉलवर दोन ग्लास रिचवायचे नाहीत, तहान लागेल तेवढं प्यायचं. डोकं जड, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं वाटणं असं झालं तर आणखी पाणी पिऊ नका, मेडिकल टेंट गाठा. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या त्या दिवशी नकोत, किडनीवर आधीच ताण असतो आणि पाण्या-मिठाचा तोल त्याने अजून बिघडू शकतो. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचंच. आणि ताप किंवा छातीत कफ असताना ट्रेनिंगही नाही. घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, बीपी-शुगर असेल, तर मोठे रन सुरू करायच्या आधी एकदा डॉक्टरकडून तपासून घ्या.

आता पैशांचं, कारण तुमच्या प्रश्नात नडगीपेक्षा तेच जास्त दुखतंय असं मला वाचताना वाटलं.

टेरी फॉक्सचं नाव ऐकलं असेल. कॅन्सरमुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढलेला मुलगा, १९८० मध्ये कृत्रिम पायावर कॅनडा आडवा पार करायला निघाला, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर कॅन्सर फुप्फुसात पोचल्याचं कळलं आणि थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं. अटलांटिकच्या किनाऱ्यावरून निघाला तो पॅसिफिकपर्यंत पोचलाच नाही. आणि पैसे? फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर, देशातल्या माणशी एक डॉलर हे त्याचं लक्ष्य होतं ते पूर्ण झालं, त्यातले पुष्कळ तो थांबल्यानंतर आलेले. जगातली सगळ्यात गाजलेली चॅरिटीची धाव पूर्ण झालेलीच नाही. लोक त्याचं उदाहरण देऊन दुखणं अंगावर काढतात, मला ते कधीच पटलेलं नाही. तो काय सहन करत होता ते त्याचं होतं. पैसे देणाऱ्यांच्या बाजूने बघा, त्यांनी संशोधनाला दिले होते, शेवटच्या किलोमीटरला नाही.

माझ्याकडे एक बाई ट्रेनिंगला होत्या, एका रुग्णसेवेच्या संस्थेसाठी धावणार होत्या, लक्ष्याइतके पैसे रेसच्या दीड महिना आधीच जमले आणि नेमका पायाच्या पंजात स्ट्रेस फ्रॅक्चर निघाला. त्यांनी चार दिवस कुणाला सांगितलंच नाही, गुपचूप बुटात जाड सोल घालून चालत होत्या. शेवटी सगळ्यांना मेसेज लिहायला बसलो, तीन ओळींचा: हाड मोडलंय, यंदा धावता येणार नाही, तुमचे पैसे संस्थेला पोचलेत, पुढच्या वर्षी धावणार. त्या दिवशी आणखी काही लोकांनी पैसे पाठवले. पुढच्या वर्षी धावल्या, पाच तासांच्या वर घेऊन.

तेव्हा तुम्ही आजच एक काम करा, संस्थेशी झालेला करार काढून वाचा. वैद्यकीय कारणाने एंट्री पुढच्या वर्षी ढकलता येते का, कधीपर्यंत कळवायचं, आणि जमवायची रक्कम कमी पडली तर उरलेली तुमच्या खिशातून जाणार का. काही ठिकाणी तुमच्या कार्डवरून कापतात, ते आधी माहीत असलेलं बरं. तुमच्या एंट्रीचा किंवा प्रवासाचा खर्च जमलेल्या पैशातून जाणार असेल तर देणाऱ्यांना तसं स्पष्ट सांगा, नंतर कळलं की लोक दुखावतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

मागायचं कसं? पहिले पैसे स्वतःचे टाका. त्यानंतर घरच्या आणि अगदी जवळच्या चार-पाच माणसांना सांगा, कारण तुमच्या देणगीच्या वेबपानावर आधी दिसणारे आकडे बघून पुढचे लोक आपला आकडा ठरवतात. मग एकेकाला नाव घेऊन मेसेज. ग्रुपवर टाकलेला मेसेज सगळ्यांना लागू असतो म्हणून कुणालाच लागू नसतो. त्यात 'माझं स्वप्न' वगैरे कमी आणि संस्था त्या पैशातून नेमकं काय करते ते जास्त. ऑफिसमध्ये विचारा, बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याने जमवलेल्या पैशाएवढी भर घालतात आणि ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. आठवण करून द्यायला लाजू नका, बहुतेकांना द्यायचे असतात आणि राहून जातं. लाँग रननंतर दोन ओळी आणि एक घामाघूम फोटो ही सगळ्यात सोपी आठवण. आणि रक्कम जमवायचं काम शेवटच्या महिन्यावर टाकू नका, त्या महिन्यात तुम्हाला झोप हवी असते. अमेरिकेत १९८८ मध्ये ब्रूस क्लेलँड नावाच्या एका वडिलांनी, मुलीला ल्युकेमिया झाला म्हणून, ३८ जणांची टीम न्यूयॉर्क मॅरेथॉनला नेली आणि ३ लाख डॉलरच्या वर जमवले, 'टीम इन ट्रेनिंग' या ग्रुपने ट्रेनिंग घेऊन चॅरिटीसाठी धावायच्या कार्यक्रमाची सुरुवात तिथून झाली. ग्रुपने ट्रेनिंग आणि ग्रुपने पैसे हे जमतं चांगलं, तुमच्या संस्थेसाठी अजून कोण धावतंय ते विचारून घ्या, रविवारच्या लाँग रनला सोबत होईल.

एक छोटी पण हमखास राहून जाणारी गोष्ट, संस्थेचा टीशर्ट. रेसच्या आठवड्यात हातात येतो, छातीवर रबरासारखी जाड छपाई, आणि पाच तास ती छपाई स्तनाग्रांवर घासत राहते. पुरुषांचे टीशर्ट शेवटी पुढून रक्ताने लाल झालेले मी कितीतरी बघितलेत. टीशर्ट आधी मागून घ्या, दोनदा धुवा, एका २० किलोमीटरच्या वरच्या रनला घाला. काचला तर रेसला टेप आणि पेट्रोलियम जेली, काखेत आणि मांड्यांनाही. फारच काचत असेल तर आत रोजचा पातळ टीशर्ट घालून वरून तो.

शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत निम्म्याच्या आसपास आणा, धावायचे दिवस मात्र तेवढेच ठेवा. या काळात अंगात कुठेतरी नवीनच काहीतरी दुखल्यासारखं वाटतं, गुडघा कुरकुरतो, घसा खवखवतो, लोक घाबरून एक 'शेवटची टेस्ट' म्हणून २५ किलोमीटर धावून येतात. नका करू. झोपा.

रेसच्या दिवशी पहिले ५ किलोमीटर ट्रेनिंगमधल्या लाँग रनपेक्षाही हळू वाटले पाहिजेत. गर्दी, ढोल, ओळखीचे चेहरे, संस्थेचा स्टॉल, या सगळ्यात उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं प्रत्येकाचं होतं आणि त्याचं बिल ३२ व्या किलोमीटरला येतं. पाण्याच्या स्टॉलवर पहिल्याच टेबलाशी थांबू नका, तिथे झुंबड असते, त्याच स्टॉलच्या शेवटच्या टेबलावरून घ्या. कागदी कप वरून चिमटीत दाबून चोच करा आणि चालत प्या, नाहीतर अर्धं नाकात जातं. ऊन जास्त असेल तर ठरवलेला वेग विसरा, दर किलोमीटरला पंधरा-वीस सेकंद सुरुवातीपासूनच सोडून द्या.

पूर्ण झाल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला, कोरडे कपडे घाला. पुढचा आठवडा धावणं नाही, चालणं पुरे. जिने उतरताना उलटं उतरलात तर मांड्या कमी ओरडतील. आणि दोन दिवसांच्या आत सगळ्यांना फोटो आणि संस्थेच्या पानाची लिंक पाठवा, कारण 'देतो देतो' म्हणणारे बरेच लोक तुम्ही धावून आल्यावरच देतात, आणि संस्था ते पान बहुतेक वेळा रेसनंतरही काही आठवडे उघडं ठेवते. शेवटची तारीख कोणती ते आत्ताच विचारून ठेवा.